गिधाडांचं वेड आणि नीटचा तिसरा प्रयत्न

नमस्कार,

मुलीला आफ्रिकेतल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर काम करायचंय, तिसऱ्यांदा नीट द्यायला ती तयार नाही, म्हणून तिची नोंदवही तुम्ही कपाटात कुलूपबंद केलीत. आता मी तिला समजवावं, असं तुम्ही लिहिता. ते मी करणार नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीची वही हिसकावणं ही सरळ जबरदस्ती आहे. दोन वर्षं तिनं तुमच्या शब्दाखातर घातली. "नातेवाईक काय म्हणतील" हे पत्रात तीनदा आलंय. ती काय म्हणते, हे एकदाही नाही. मला काळजी वाटते ती याची.

"औषधामुळे गिधाडं मेली, बंदी आली, प्रश्न मिटला, आता त्यात करिअर कसलं?" हा तुमचा गैरसमज. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर 2006 मध्ये बंदी आली ती भारतात, आणि प्रश्न इथेही मिटलेला नाही. आफ्रिकेत मुख्य घात विषाचा आहे. सिंह, तरस गुरं मारतात म्हणून पशुपालक मेलेल्या जनावरावर कार्बोफ्युरानसारखं कीटकनाशक टाकतात आणि त्यावर गिधाडांचे थवे उतरतात. हस्तिदंताचे चोर तर मुद्दाम विष घालतात, कारण घिरट्या घालणारी गिधाडं वनरक्षकांना शिकारीची जागा दाखवतात. 2019 मध्ये बोट्स्वानात तीन हत्तींच्या विषारी मढ्यांमुळे 537 गिधाडं मेली; त्यांतली 468 पांढऱ्या पाठीची. मादी वर्षाला एकच अंडं घालते. ही तूट कशी भरायची? 2015 पासून ही जात 'अतिसंकटग्रस्त' आहे.

मुलीलाही सांगा, नुसत्या दुर्बिणीवर भागणार नाही. इथे विषशास्त्र लागतं, गुन्ह्याचा तपास लागतो आणि गुरं गमावलेल्या माणसाशी बोलता यावं लागतं. तिला जनावरांच्या उपचारांची ओढ असेल तर बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी बघा. राज्यात तोही प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो. नाहीतर बीएस्सी, मग देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र. आफ्रिका त्यानंतर. तोवर रायगड, गडचिरोलीत गिधाडं आहेत, तिथे काम करणाऱ्यांना भेटू द्या.

पैशांचं स्पष्ट सांगते: सुरुवातीच्या बहुतेक नोकऱ्या प्रकल्पावरच्या. प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. तशा मधल्या महिन्यांत घरातून किती मदत देता येईल, हे तिला समोर बसवून आकड्यांत सांगा. एवढी माहिती हातात असली की निर्णय तिला घेता येईल.