वाचकांचे प्रश्न : पोरगं नुसतं पडायलाच शिकतंय!

मागच्या अंकात मी आयकिडोबद्दल लिहिलं होतं. मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) या जपानी गुरूंनी घडवलेली ही युद्धकला. समोरच्याच्या जोराशी जोर न लावता त्याचा तोल आपल्या हाती घ्यायचा, पण त्याला इजा करायची नाही, असा तिचा आग्रह. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते. उत्तरं माझी असली, तरी त्यातलं बरंचसं माझ्या सरांकडून आलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. आठ महिने आयकिडोला जातोय. अजून एक ठोसा शिकवलेला नाही, नुसतं पडायला शिकवतात. शेजारचं पोरगं कराटेत दोन मेडल घेऊन आलं. ह्याचे मामा तालमीतले. ते म्हणतात, ‘पडायचं शिकायला फी भरायची होय?’ त्याला कराटेला घालू का?
— एक आई, अशोक चौक

उत्तर : मामांना माझा नमस्कार सांगा आणि एकदा वर्ग बघायला घेऊन जा. त्यांच्या वस्तादांनीही त्यांना पहिल्याच दिवशी डाव शिकवला नसेल. आधी माती मळून घेतली असेल, बैठका मारायला लावल्या असतील.

आयकिडोत पडण्याला ‘उकेमी’ म्हणतात, आणि निम्मा आयकिडो त्यातच आहे. पुढचं लोळण कसं असतं ते जवळून बघा. हात कमानीसारखा गोल, करंगळीची कड आधी गादीला लागते, मग कोपर, मग खांदा. तिथून अंग पाठीवरून तिरकं जातं आणि विरुद्ध बाजूच्या कमरेवरून वर येतं. हनुवटी छातीला टेकलेली असते, डोकं कुठेच लागत नाही. मागे पडताना एक पाय खाली दुमडून बसायचं, श्वास सोडत लोळायचं. हे सांगायला चार वाक्यं पुरतात, अंगात मुरायला वर्ष जातं. मूल सायकलवरून पडलं, ओल्या फरशीवर घसरलं, तर आयुष्यभर उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. मनगट पिरगाळण्याचा डाव कदाचित कधीच कामी येणार नाही.

आयकिडोत प्रत्येक डाव जोडीनं होतो. एक जण पकडतो, दुसरा त्याला टाकतो, मग अदलाबदल. ज्याला पडता येत नाही, त्याच्यावर जोडीदार मोकळेपणानं डाव करूच शकत नाही, भीतभीत करतो. म्हणजे तुमचा मुलगा पडायला शिकला, की समोरचं पोरगंही शिकायला लागतं. शिवाय वाढत्या वयात मनगट-कोपराचे सांधे पिळणारे डाव जपूनच द्यायचे असतात. त्याच्या शिक्षकांनी घाई केली नाही, हे मला आवडलं.

मेडलचं म्हणाल तर मुख्य प्रवाहातल्या आयकिडोत स्पर्धाच नाहीत. उएशिबांना त्या नको होत्या. त्यांचेच शिष्य केंजी तोमिकी मूळचे ज्युदोवाले, वासेदा विद्यापीठात शिकवायचे. त्यांनी आपल्या शाखेत स्पर्धा आणली, आणि ती शाखा आजही आहे. पण तुमच्या मुलाचा वर्ग त्यातला दिसत नाही. त्याला मेडलची ओढ असेल तर कराटेला खुशाल घाला, तेही चांगलंच आहे. मात्र ओढ त्याची आहे की तुमची, हे त्यालाच विचारा. आणि विचाराल तेव्हा मामा समोर नकोत.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली. घरात काहीही बोलले, की ‘जरा जुळवून घे’ हेच ऐकते. पगार कुठे खर्च करायचा, माहेरी कधी जायचं, रविवारी किती माणसांचा स्वयंपाक, सगळं दुसरी माणसं ठरवतात. यंदा हट्टानं आयकिडो लावलं. तर आमचे हे म्हणतात, ‘तुझ्या वर्गातही तेच शिकवतात ना, विरोध करू नका, सुसंवाद ठेवा?’ मला उत्तरच सुचलं नाही. खरंच तेच आहे का हो?
— विजापूर रोड

उत्तर : नाही. मुळीच नाही. हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण ह्या कलेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज त्यात आहे.

आमच्या सरांची एक गोष्ट सांगते. नवा आलेला कुणीही सरांचं मनगट हलकंच धरतो. सर वयानं मोठे, गुरू, मग मान राखायला नको? सर काहीच करत नाहीत, तसेच उभे राहतात. म्हणतात, ‘धर की नीट. तू धरलंच नाहीस, तर मी कशाशी जुळवू?’ तो कसून धरेपर्यंत डाव सुरू होत नाही. कसून धरलं, की सर खांदा सैल सोडतात, बोटं उघडतात, पुढचा पाय त्याच्या पायाशेजारी ठेवून वळतात. मनगट त्याच्याच हातात असतं, जागचं हलत नाही. सर त्याच्या भोवती फिरलेले असतात. आता दोघंही एकाच दिशेला बघत असतात, तळवे वर, कमरेसमोर. ‘ताई नो हेन्को’ हा आमचा रोजचा पहिला सराव. सुसंवाद म्हणतात तो हा.

यात सरांनी काय सोडलं? काहीही नाही. त्यांचा तोल त्यांच्यापाशी आहे, पाठ ताठ आहे, कुठे जायचं ते त्यांनी ठरवलं. पकडणाऱ्याच्या जोराला त्यांनी धक्का दिला नाही, पण त्या जोरापुढे ते वाकलेही नाहीत. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस तुम्ही बघितलाच असेल. एवढा उंच ध्वज झुकायला लागला, की तो त्याला हातांनी ओढून सरळ करत बसत नाही, पाय हलवून त्याच्या बुडाखाली जातो. ते ओझं त्यानं मनानं उचललेलं असतं आणि त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव केलेला असतो. वरून लादलेल्या ओझ्याखाली मुकाट उभं राहणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

दुसरी चाल आहे ‘इरिमी’. वार येत असताना मागे सरायचं नाही आणि समोरासमोर धडकायचंही नाही. वाराची रेघ सोडून थेट पुढे, त्याच्या खांद्यामागे शिरायचं. शिकायला सगळ्यात अवघड हीच चाल, कारण अंगाला मागे हटायची सवय असते. आमच्या वर्गातल्या बायकांना ती जास्त जड जाते असं मला वाटतं. पण एकदा जमली, की त्यांच्या चालण्यात फरक दिसतो.

उएशिबाही काही मऊ माणूस नव्हते. सोकाकु ताकेदा या अत्यंत कडक गुरूकडे ते दाइतो-र्यु जुजुत्सु ही जपानी युद्धकला शिकले. १९३१ साली टोकियोत त्यांचा कोबुकान डोजो, म्हणजे सरावाची जागा, उभा राहिला. तिथला सराव इतका खडतर होता, की लोक त्याला ‘नरक डोजो’ म्हणायचे. कलेला आयकिडो हे नाव मिळालं १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात. समोरच्याला मोडता येण्याची ताकद असताना मोडायचं नाही, असं ठरवणाऱ्या माणसाचं हे तत्त्व आहे. ज्याच्या हातात काही ठेवलेलंच नाही, त्याला ते ऐकवणं अन्याय आहे.

आता यजमानांना काय सांगायचं ते. वर्गात कुणी तुमचा हात पिळला आणि दुखायला लागलं, तर तुम्ही काय करता? दुसऱ्या हातानं गादीवर किंवा आपल्या मांडीवर थाप मारता. थाप पडली की पकड सुटते, त्याच क्षणी. ‘अजून थोडं सोस’ असं कुणी म्हणत नाही. काळ्या पट्ट्याचा असो नाहीतर स्वतः सर असोत, हा नियम कुणी मोडला तर त्याला गादीवर जागा नाही. सगळा विश्वास ह्या थापेवर उभा आहे. ती आहे म्हणून तर आपण आपला हात निर्धास्तपणे दुसऱ्याच्या हाती देतो. आणि पुढच्या फेरीत टाकणारा पडतो, पडणारा टाकतो. तुमच्या घरात तुम्ही थाप मारल्यावर पकड सुटते का? कधी तुमची पाळी येते का? हे दोन प्रश्न त्यांना शांतपणे विचारा.

घरातले निर्णय गादीवरच्या चालींनी सुटतात असं मी म्हणणार नाही. पगाराचं बोलणं पगाराच्याच भाषेत करावं लागतं, वही घेऊन, आकडे लिहून. पण पहिलं वाक्य खणखणीत बोला. नीट धरल्याशिवाय समोरचाही वळत नाही. आणि बोलल्यावर आवाज चढला, धमकी आली, हात उचलला गेला, तर एकटीनं सोसू नका. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. तिथे फोन करणं म्हणजे घर मोडणं नव्हे.

प्रश्न : मी ५४ वर्षांचा आहे. गुडघे कुरकुरतात. आता आयकिडो सुरू करता येईल का?
— जुळे सोलापूर

उत्तर : येईल, पण आधी हाडांच्या डॉक्टरांना गुडघे दाखवून घ्या. जपानी पद्धतीचं बसणं म्हणजे आपलं वज्रासनच, आणि काही डाव तर गुडघ्यांवर चालत करतात. ते तुम्ही करू नका. सुरुवातीलाच शिक्षकांना सांगा, उभ्यानं करायचे डाव पुष्कळ आहेत. लोळण बसल्या जागेवरून शिका, उभ्यानं नको. ‘जो’ नावाची सुमारे १२८ सेंटिमीटरची काठी असते, तिचा सराव तुमच्यासाठी उत्तम. खांदे मोकळे होतात आणि पाय कुठे ठेवायचा ते कळतं. एप्रिल-मे महिन्यात मात्र संध्याकाळचा वर्ग घेऊ नका. पत्र्याच्या हॉलमध्ये आपल्याकडचं ऊन रात्री आठपर्यंत उतरत नाही. सकाळी सहाचा वर्ग असेल तर तो धरा.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला आयकिडो फार आवडतं, तिचे सरही भले माणूस आहेत. पण वर्गाच्या सुरुवातीला सगळे संस्थापकांच्या फोटोपुढे गुडघ्यावर बसून जमिनीवर डोकं नेतात. आम्ही अल्लाशिवाय कुणापुढे डोकं टेकवत नाही. मुलीला काढून घ्यावं असं घरातले मोठे म्हणतात. मला ते नको आहे.
— साखर पेठ

उत्तर : तुमची अडचण खरी आहे आणि ती सुटण्यासारखीही आहे.

आधी जे आहे ते सांगते. उएशिबा स्वतः धार्मिक होते. ओमोतो पंथाचे ओनिसाबुरो देगुची हे त्यांचे गुरू. त्यांच्याजवळ राहण्यासाठी उएशिबा घरदार घेऊन आयाबे गावी गेले. सुसंवादाचा त्यांचा सगळा विचार त्या श्रद्धेतून वाढलेला आहे. जपानमधल्या इवामा इथे आयकीचं, म्हणजे या कलेचं, देऊळही आहे. पण ती श्रद्धा त्यांनी शिष्यांवर लादली नाही. आज त्यांचे नातू मोरितेरु उएशिबा या कलेचे प्रमुख आहेत, आणि मुख्य डोजो टोकियोत आहे. तिथे शिकायला कुणाला धर्म विचारला जात नाही. इंडोनेशिया, मोरोक्को, तुर्कस्तान इथेही आयकिडोचे वर्ग चालतात.

जपानी माणूस दुकानदारापुढेही वाकतो. वर्गात आम्ही जोडीदारापुढे वाकतो तेव्हा जोडीदारही तेवढाच वाकतो. माझ्या लेखी तो शिष्टाचार आहे. पण मला तसं वाटतं म्हणून तुमच्या घरच्यांनाही वाटलंच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. जमिनीपर्यंत डोकं नेणं हीच अडचण असेल, तर मुलीनं बसूनच मान किंचित लववावी, किंवा त्या वेळेपुरतं हात मांडीवर ठेवून शांत बसावं. जोडीदाराला उभ्यानं मान लववून नमस्कार चालत असेल तर तो करावा. तिच्या शिकण्यात यानं तसूभरही कमी येत नाही.

हे तिच्या सरांशी तुम्हीच बोला, आणि मुलीला बरोबर न्या. वर्ग संपल्यावर, गाद्या उचलून झाल्या की जा. आमच्याकडे असे पालक आले होते, तेव्हा सरांनी पाच मिनिटांत मार्ग काढला, आणि ती मुलगी आता लहानांना लोळण शिकवते. तुमच्या मुलीचे सर भले आहेत असं तुम्हीच लिहिलंय, तेही ऐकून घेतील. घरातल्या मोठ्यांनाही एक दिवस वर्ग बघायला घेऊन जा, कोपऱ्यात खुर्च्या टाकून देतात.