सहा लाखांची सूट आणि घरामागचा उतार

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपण लिहिता की तुळजापूरजवळ बालाघाटच्या उतारावरील बांधलेले घर 42 लाखांना ठरवून 3 लाख इसार दिला, त्यानंतर अतिवृष्टीत मागचा मुरूम घसरून संरक्षक भिंतीवर आला आणि भिंतीला आडवा तडा गेला. मालक आता 36 लाखांत खरेदीखत करून द्यायला तयार आहेत. आपल्या हाती निवृत्तीचे 46 लाख आणि दरमहा पेन्शन आहे. सूट घ्यावी की इसारावर पाणी सोडावे, असे आपण विचारले आहे.

माझे स्पष्ट मत असे की आज यांपैकी काहीही करू नये. भूतांत्रिक अभियंत्याने (माती, खडक आणि उतारांची मजबुती तपासणाऱ्या तज्ज्ञाने) पाहणीसाठी सांगितलेले 70 हजार रुपये आपल्याला जड वाटत आहेत. पण सहा लाखांची सूट मोठी की लहान, हे त्या पाहणीशिवाय ठरवता येत नाही.

कारण घसरण दोन प्रकारची असू शकते. आपल्याकडचे डोंगर बेसॉल्टच्या थरांचे आहेत. वर मुरूम आणि माती, खाली कातळ, आणि काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या चिकण मातीचा पट्टा असतो. पावसाचे पाणी भेगांमधून उतरून अशा पट्ट्यावर अडते, आतला दाब वाढतो आणि वरचा भार सुटतो. केवळ वरचा मुरूम ढासळला असेल, तर तो काढणे, उताराच्या माथ्यावर चर खणून पाणी वळवणे आणि भिंत नव्याने बांधणे एवढ्यावर काम भागते, आणि सूट त्या खर्चाला पुरेल का, हे अंदाजपत्रकावरून कळते. घसरणीचा पृष्ठभाग, म्हणजे ज्यावरून वरचा भार सरकतो तो थर, खोल असेल, तर भिंत कितीही जाड केली तरी ती भारासह पुढे सरकते. शिवाय उपाय वरच्या बाजूच्या जमिनीत करावा लागतो, जी आपल्या मालकीची नाही. वरच्या घराचा शोषखड्डा उतारातच मुरत असेल, तर आपली सुरक्षितता शेजाऱ्याच्या मर्जीवर राहते. अशा घराला 36 लाखच काय, 20 लाखही जास्त होतील.

मराठवाड्यात दरडी येत नाहीत, हा समज सोडावा. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस कन्नडजवळच्या औट्रम घाटात दरडी कोसळून महामार्ग बंद पडला होता.

अभियंत्यासोबत आपण स्वतः जाऊन पाहावे. उताराच्या माथ्यावर कमानीसारखी भेग आहे का, झाडे किंवा विजेचे खांब खाली झुकले आहेत का, पायथा फुगला आहे का, आणि पाऊस थांबून आठवडा झाला तरी भिंतीतून ओल येते का. भिंतीत पाणी निघण्यासाठी ठेवलेली छिद्रे मातीने बुजलेली असतील, तर तड्याचे कारण तिथेच असू शकते. तड्यावर प्लास्टरची पट्टी लावून तारीख लिहून ठेवावी. पट्टी फुटली तर हालचाल सुरू आहे, असे समजावे. अहवालात कातळाची खोली, भूजलाची पातळी आणि पाण्याने भिजलेल्या अवस्थेतील उताराचा सुरक्षितता गुणांक, म्हणजे उताराला धरून ठेवणाऱ्या आणि खाली ओढणाऱ्या बलांचे गुणोत्तर, मागावा. हा गुणांक 1 च्या आसपास असेल तर उतार कसाबसा तोल राखून आहे; कायमच्या निवासासाठी कोरड्या आणि नेहमीच्या स्थितीत साधारण 1.5 अपेक्षित असतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा भूस्खलन-प्रवणता नकाशा 1:50,000 प्रमाणाचा आहे, म्हणजे त्यावरील एक सेंटिमीटर जमिनीवरचे 500 मीटर; एका घराचा निर्णय त्यावरून घेता येत नाही.

विम्याचाही भरवसा मर्यादित आहे. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत भूस्खलन आणि जमीन खचणे यांचा समावेश आहे, परंतु भराव घातलेल्या जमिनीचे बसणे आणि सदोष बांधकाम वगळलेले आहे. शिवाय विमा इमारतीचा असतो, जमिनीचा नसतो. घर गेले आणि जागा पुन्हा बांधण्यायोग्य राहिली नाही, तर जमिनीची किंमत कोणी भरून देत नाही.

आता आपल्या 46 लाखांचा हिशेब. दिलेला इसार धरून 36 लाख आणि मुद्रांक शुल्क-नोंदणीचा खर्च गेल्यावर हाती 10-11 लाख उरतात, आणि त्यातूनच भिंतीचे काम, आजारपण, सगळे भागवायचे. नव्याने कमावण्याचे वय मागे पडलेले असताना जवळजवळ सर्व पुंजी एका उतारावर ठेवणे मला धोक्याचे वाटते. याच पुंजीतले 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के दराने ठेवले, तर दर तिमाहीला 61,500 रुपये मिळतात. भाड्याचे चांगले घर त्यात सहज बसते. निर्णय होईपर्यंत मात्र रक्कम अल्पमुदतीच्या बँक ठेवींत, दोन-तीन बँकांत विभागून ठेवावी. जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवू नये, कारण 5 लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण तिथे मिळत नाही.

इसाराचे 3 लाख जातील, या भीतीने 33 लाख आणखी घालणे योग्य नाही. इसार पावती वकिलांना दाखवावी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा पण विक्रेत्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पूर्वी घसरण झाली होती का, हे शेजाऱ्यांना विचारून ठेवावे. या आठवड्यातच मालकांकडून लेखी मुदतवाढ घ्यावी, आणि अहवाल प्रतिकूल आल्यास इसार परत मिळेल, असे कलम तीत घालून घ्यावे. त्यांनी हे लिहून देण्यास नकार दिला, तर व्यवहार पुढे नेऊ नये.