सांगलीत जुना ॲकॉर्डियन हाती आलाय, काही सूर वाजत नाहीत. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की काकांचा ऑर्केस्ट्रातला १२० बेसचा (डाव्या हाताला १२० बटणं असलेला) ॲकॉर्डियन पंधरा वर्षं माळ्यावर पडून होता, उजव्या हाताचे सात-आठ सूर मुके झालेत आणि भाता हवा धरत नाही. मिरजेत पेटीवाल्याकडे न्यावा का, हा प्रश्न. भाता आणि पट्ट्यांचं काम चांगला पेटीवाला नक्की करेल. सुरांना, म्हणजे आवाज काढणाऱ्या धातूच्या जिभांना, मात्र त्याला कानस लावू देऊ नका.

कारण असं. पेटीच्या सुरातून हवा एकाच दिशेनं जाते. ॲकॉर्डियन भाता उघडतानाही वाजतो आणि मिटतानाही, म्हणून इथे एका धातूच्या पट्टीवर दोन जिभा असतात, एक या अंगाला, दुसरी त्या अंगाला. उघडताना एक बोलते, मिटताना दुसरी. जी गप्प असते तिच्या फटीतून हवा वाया जाऊ नये म्हणून त्या फटीवर कातड्याची पातळ झडप चिकटवलेली असते. पेटीच्या सुराला ही झडप नसतेच, आणि जुन्या ॲकॉर्डियनची निम्मी दुखणी नेमकी तिथेच असतात. शिवाय पेटीची जीभ पितळेची, याची पोलादी. पितळेवर बसलेला हात पोलादावर अंदाज चुकतो, आणि पोलाद गंजतंही.

सांगलीचं घर म्हटल्यावर आधी एवढं घरात विचारा: २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी याला लागलं होतं का? लागलं असेल तर पुठ्ठ्याचा भाता फुगलेला, लाकडाचे सांधे सुटलेले आणि जिभा गंजलेल्या असणार. त्यावर पैसे घालू नका. माळ्यावर होता म्हणजे पाणी बहुतेक चुकलं असेल, पण माळा पत्र्याखाली असेल तर उन्हाळे चुकलेले नाहीत. सुरांच्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यांवर मेणानं बसवलेल्या असतात. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. म्हणून दुरुस्तीला नेतानाही उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

आता घरी करायची तपासणी. हवेचं बटण (डाव्या अंगठ्याशी असतं) दाबल्याशिवाय भाता ओढायचा नाही. भात्याचे दोन्ही पट्टे सोडा, पियानोची (उजव्या हाताची) बाजू वर धरून बेसची बाजू सावकाश खाली लोंबू द्या, या वेळी पट्टी किंवा हवेचं बटण काहीच दाबू नका. पाच-सात सेकंदांत भाता पूर्ण उघडला तर गळती मोठी आहे. कुठून गळतो ते बघायला हाताची मागची बाजू ओली करून कोपऱ्यांजवळ आणि जोडावर फिरवा, गार झुळूक लगेच कळते. उदबत्ती अजिबात वापरू नका. जुन्या ॲकॉर्डियनचं चकचकीत आवरण बहुतेक सेल्युलॉइडचं असतं आणि ते भडकन पेटतं. थिनरनंही पुसू नका, आवरण विरघळतं.

मग एक वही घ्या. उजवीकडे ४१ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी भाता उघडताना आणि मिटताना वेगवेगळी वाजवा, रजिस्टरची बटणं (सुरांच्या कुठल्या ओळी वाजतील ते ठरवणारी) बदलत पुन्हा वाजवा, आणि लिहून ठेवा. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मोठ्या वाद्यात खर्ज (खालचा) एक, नर (मधला) दोन आणि मादी (वरचा) एक अशा सुरांच्या चार ओळी असतात. म्हणजे सुरांच्या १६४ धातूच्या पट्ट्या, ३२८ जिभा, तेही फक्त उजवीकडे. वही नसेल तर दुरुस्तीवाला अंदाजानं सगळं उचकटतो.

वहीतून बरंच कळतं. एकाच दिशेला मुका असेल तर बहुधा जिभेखाली कचरा आहे. उशिरा बोलतो आणि आधी ‘फुस्स’ होतं, तर झडप वळलेली. खरखरतो, तर मेण सुटून सुराची पट्टी हलतेय. दोन्ही दिशांना, सगळ्या रजिस्टरांत मुका असेल तर सुरांना हातच लावू नका, दाबायच्या पट्टीखालची, हवेचं भोक झाकणारी गादी उचलत नसेल. पट्टी न दाबताही वाजत राहतो, तर तीच गादी नीट बसत नाही.

उघडायचं झालं तर भात्याच्या कडेच्या खिळ्या पक्कडीत कापड धरून काढा आणि पुठ्ठ्यावर क्रमानं टोचून ठेवा. प्रत्येक खिळी आपल्याच भोकात परत गेली पाहिजे, नाहीतर तिथूनच हवा गळते. कचरा काढायला फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पोलादी पानांच्या जुडग्याचं) सगळ्यात पातळ पान जिभेच्या कडेनं अलगद सरकवा. तेलाचा फवारा नको, तो धूळ धरतो. बेसची बाजू खोलूच नका. १२० बटणांमागच्या दांड्यांचा क्रम एकदा बिघडला की लावताना दिवस जातात.

मेण सुरांच्या एखाद-दुसऱ्या पट्टीचं गेलं असेल तर चार-पाच भाग मधमाशीचं मेण आणि एक भाग राळ, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवून भरता येतं. मेणबत्तीचं मेण, फेव्हिकॉल, ॲरलडाइट यांतलं काहीही चालणार नाही, पुढच्या माणसाला पट्टी काढताच येत नाही. नखानं टोकरल्यावर मेणाचे तुकडे उडाले तर मात्र सगळ्याच पट्ट्या काढून नव्यानं बसवाव्या लागतील. हे काम ॲकॉर्डियनवर हात बसलेल्या माणसाचंच. मिरजेचे सतारमेकर तंतुवाद्यांत पिढीजात निष्णात आहेत, पण हे त्यांच्या वाटचं काम नव्हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नराच्या दोन ओळी मुद्दाम किंचित वेगळ्या लावलेल्या असतात. ४४० च्या सुराला दुसरा ४४३-४४४ असेल तर दोन्ही मिळून आवाज सेकंदाला तीन-चार वेळा लहरतो. गुडी सीरवाई, केरसी लॉर्ड, पुण्याचे इनॉक डॅनियल्स या वादकांमुळे आपल्या कानात जो ॲकॉर्डियन बसलाय, त्यातली लहर बहुतांशी या जोडीची. पेटीवाल्याचा कान दोन नर एकजीव करायला शिकलेला, त्याला हे बेसूर वाटतं आणि तो चांगल्या मनानं ते ‘दुरुस्त’ करतो. कानसेनं गेलेलं पोलाद परत येत नाही. देताना कागदावर लिहून द्या: ‘सूर लावायचे नाहीत, फक्त गळती, गाद्या आणि झडपा.’

परत आल्यावर माळ्यावर नको. घरात, पायांवर उभा ठेवा, जसा वाजवताना असतो तसा. आडवा राहिला की झडपा लोंबून वळतात. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्यातून दहा मिनिटं सगळ्या पट्ट्या दोन्ही दिशांना वाजवा.