दोनशेवाला भारी की तीनशेवाला?

प्रश्न : सध्या न्यू जर्सीत मुलाकडे आले आहे. टीव्हीवर बेसबॉल चालू असतो. फलंदाजाच्या नावापुढे .२८७ दिसलं की नातू म्हणतो, ‘आजी, भारी आहे हा!’ शंभरात सत्तर वेळा फुकट जाणारा भारी कसा?

उत्तर : नातवाचं बरोबर आहे, आजी. हिट्सना (चेंडू मारून सुखरूप बेसवर पोहोचला की एक हिट) अ‍ॅट-बॅट्सनी (फलंदाजीच्या धरल्या जाणाऱ्या खेपांनी) भागायचं, झाली सरासरी. धावांचा संबंध नाही. ‘वॉक’ (चार वाईट चेंडू पडले की फुकटात पहिला बेस) मिळाला तर ती खेप धरतच नाहीत (मला हे जरा अन्यायाचंच वाटतं). .३०० म्हणजे उत्तम. १९४१ मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी टेड विल्यम्स हा फलंदाज .३९९५५वर होता, म्हणजे कागदोपत्री .४००. घरी बसला असता तरी चाललं असतं. गडी त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठात सहा हिट्स मारले, .४०६ केले!

दुसरं टोक बॉब युकर. ७३१ अ‍ॅट-बॅट्स, १४६ हिट्स. भागून बघा, जेमतेम .२००. पुढे समालोचक झाला आणि जन्मभर स्वतःच्याच आकड्यांवर लोकांना हसवलं. हा यष्टिरक्षकासारखा कॅचर. हेलकावणारा नकलबॉल कसा पकडायचा, तर त्याचं उत्तर : घरंगळायचा थांबला की उचलायचा.