भोसरीत शेड घेण्याआधी

मित्रा, सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप टाकतोयस, तर मशिन घ्यायची घाई नको. आधी पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये फिरून विचार, कुठला पार्ट वेळेवर मिळत नाही. टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाज आले आणि त्यांच्याभोवती छोटे पुरवठादार उभे राहिले. पिंपरी-चिंचवड वाढलं ते या छोट्या पुरवठादारांच्याही कष्टांवर, हे मी मनापासून मानतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, लगेच कर. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. खरा जीव जातो तो थकलेल्या बिलांत. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. म्हणून पीओवर (खरेदीच्या लेखी ऑर्डरवर) पैसे देण्याची मुदत लिहून घे, माल पोचल्याची सही जपून ठेव. आयटीआयची स्थानिक पोरं कामाला घे, पगार मात्र वेळेवर दे.