प्रवासाचं विचारा: सुइटमध्ये कोणी झोपायचं?

प्रश्न: डिसेंबरात मुंबई–गोवा–लक्षद्वीप क्रूझला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, नववीतली मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि माझे सासू-सासरे. एजंटाने असं बसवून दिलंय की आम्ही चौघं सुइटमध्ये आणि सासू-सासरे आतल्या साध्या केबिनीत. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सासूबाईंना बोट लागेल अशी धास्ती आहे. सुइटचे एवढे पैसे वसूल होतात का?
– एक वाचक, नाशिक

ताई, एजंटाने खोल्या बरोबर निवडल्यात, माणसं उलटी घातलीत.

मी जहाजावर हाउसकीपिंगमध्ये होतो, त्यातली बरीच वर्षं सुइटच्या मजल्यावर. सकाळी खोली आवरायला गेलं की सुइटमध्ये कोणी म्हणून कोणी नसायचं. पोरं पोहायच्या तलावात, बाप नाश्त्याच्या रांगेत दुसऱ्यांदा, आई पोरांच्या मागे. बाल्कनीतल्या खुर्च्यांवर ओले टॉवेल पसरलेले. आणि त्याच घरातले आजी-आजोबा खालच्या आतल्या केबिनीत, दिवा लावून पलंगाच्या कडेवर बसलेले. आजोबा मला विचारायचे, बाहेर उजाडलं का हो? आतल्या केबिनीला खिडकीच नसते, त्यांना कळणार कसं?

ज्याला खोलीत बसायचंय त्याला खोली द्या. सुइट सासू-सासऱ्यांना, आतली चौघांची केबिन तुम्हाला. तुम्ही तिथे फक्त झोपायला येणार.

मुंबईहून जाणारं कोर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेलं. त्या काळच्या जहाजांना बाल्कन्या मोजक्याच असत, आताच्यासारख्या भिंतभर रांगा नव्हत्या. त्यामुळे अशा जहाजावर बाल्कनी हवी तर सुइट किंवा मिनी सुइटकडेच वळावं लागतं. माझ्या मते सासू-सासऱ्यांना मिनी सुइट भरपूर झाला. मोठ्या सुइटमधला तो सोफा न् दिवाणखाना पाहुण्यांना दाखवायला बरा.

पैसे देण्याआधी मात्र एजंटाकडून न्हाणीघराचा फोटो मागवा. खोलीचा नको, न्हाणीघराचा. मोठ्या सुइटला बऱ्याच जहाजांवर बाथटब असतो. ऑपरेशन झालेला गुडघा, टबाची उंच कड, ओला पाय आणि पायाखाली हलणारं जहाज. मी एका आजोबांना टबातून उचलून बाहेर काढलंय. लागलं काही नव्हतं, पण पुढचे सगळे दिवस ते अंघोळीला तयार होईनात. नुसता शॉवर असलेली खोली मिळत असेल तर तीच घ्या. शिवाय न्हाणीघराच्या दाराला उंबरठा असतो, पाणी खोलीत येऊ नये म्हणून. घरच्या सवयीने पाय घसटत गेलं की ठेच लागलीच. पहिल्याच दिवशी सासऱ्यांना तो हात लावून दाखवा. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवायचं.

आता सासूबाईंचं. डिसेंबरात अरबी समुद्र बहुधा शहाण्यासारखा वागतो. पावसाळ्यात तो काय असतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जहाजाला पोटाखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. कुशीवर डुलणं त्यांनी बरंच कमी होतं, पण नाक वर-खाली होणं त्यांना थांबवता येत नाही. म्हणून खोली जहाजाच्या मध्याजवळची आणि शक्यतो खालच्या मजल्यावरची मागा. टोकाकडची, उंचावरची खोली जास्त हलते. एजंट ‘सगळ्या सारख्याच’ म्हणेल. त्याला डेकचा नकाशा काढायला लावा आणि नंबरावर बोट ठेवून खोली पक्की करा. मळमळायला लागलं की बंद खोलीत आडवं पडण्यापेक्षा बाल्कनीत बसून क्षितिजाकडे बघत राहिलेलं बरं. सुइट त्यांना द्या म्हणतो, त्याचं हेही एक कारण. बोट लागू नये म्हणून घेतात त्या अव्होमिनच्या गोळीने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नका, सासऱ्यांनाही नाही.

बाल्कनी कुठल्या बाजूची? मुंबईहून दक्षिणेला जाताना सूर्य उजवीकडे मावळतो, परतीला डावीकडे. पहिल्या संध्याकाळची हौस जास्त असते, तेव्हा उजवी मागा.

भाडं माणशी असतं. एका केबिनीत पहिल्या दोघांना पूर्ण आणि तिसऱ्या-चौथ्याला कमी, अशी साधारण पद्धत. म्हणजे मुलांची सवलत तुमच्या साध्या केबिनीतही मिळेल, त्यासाठी सुइट लागत नाही. जीएसटी, जहाजाचा सेवा आकार, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट हे धरून एकच आकडा लेखी मागा. आणि ‘मुलाला आजी-आजोबांच्या खोलीत ॲडजस्ट करू’ हे एजंटाच्या तोंडी विश्वासावर सोडू नका. कुठल्या खोलीत किती माणसं, हे त्या भागाला नेमलेल्या लाइफबोटीतल्या जागांशीही बांधलेलं असतं. मुलगा तिथे झोपणार असेल तर नाव त्याच खोलीवर हवं.

तुमच्या केबिनीत वरचे दोन पलंग भिंतीतून खाली येतील. नववीतली मुलगी नाक मुरडेल. तिला आवरायला आजीच्या खोलीत जाऊ द्या, आरसा तिकडे मोठा असतो. धाकट्याला अंधाराची भीती वाटत असेल तर टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आहे का बघा. आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवलं की तीच खिडकी.

एक राहिलंच. चहाची इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, इंडक्शन बॅगेत भरू नका. आगीच्या भीतीने जहाजावर या वस्तू काढून घेतात आणि उतरताना परत देतात. आपल्या मंडळींच्या किटल्यांची ओळ सिक्युरिटीच्या टेबलावर मी दर सफरीला बघितलीय.

प्रश्न: लक्षद्वीपला नक्की उतरवतात ना? आम्ही त्याच्यासाठीच पैसे भरतोय.
– एक वाचक, सांगली

नक्की कोणी सांगू शकत नाही. मोठं जहाज तिथे धक्क्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान होड्यांनी लोकांना बेटावर नेतात. जहाज आणि होडी एकाच वेळी, पण वेगवेगळ्या तालात वर-खाली होत असतात. खलाशी दोन्ही दंड धरतो, ‘आता’ म्हणाला की पाय टाकायचा. मध्येच फोन काढायचा नाही. लाटा वाढल्या तर कॅप्टन उतरणं रद्द करतो आणि त्यावर कोणाचं काही चालत नाही. अशा वेळी सहलीचे पैसे परत मिळतात का, तो नियम बुकिंगआधी वाचा. बेटांवर जायला परवाना लागतो. तो क्रूझवाल्यांकडून होत असला तरी सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा, मुलांचीसुद्धा. बंगारम सोडलं तर बेटांवर दारूबंदी आहे.

नाशिकच्या ताई, हे तुमच्या सासऱ्यांसाठीही. गुडघ्याला खात्री नसेल तर आग्रह करू नका. सगळे उतरल्यावर जहाज रिकामं असतं, डेकवरची हवी ती खुर्ची मिळते.

प्रश्न: सुरक्षेची कवायत चुकवली तर चालते का? लहान मुलं कंटाळतात.
– एक वाचक, ठाणे

नाही चालत. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आपटली, 32 जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. 2015 पासून जगभर नियम आहे की ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या-सुटल्या घ्यायची. मुलांना भोंगा मोजायला सांगा, सात छोटे आणि एक लांब, कंटाळत नाहीत. खोलीत पोचल्यावर कपाट उघडून लाइफ जॅकेटं बघा. तिथली बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात. मुलांची वजनावर ठरतात: 15 किलोच्या आत एक, 15 ते 43 किलोला दुसरं. केबिन स्टुअर्डला मुलाचं वजन सांगा आणि त्याच तासाला मागून घ्या.