२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शहर सोडून गावी गेलेले आता काय करतात? परतल्याचा पस्तावा होतो का?

मी त्यातलाच एक, औसा तालुक्यातला. पस्तावा होत नाही. पण 'गावी परतलो' हेही आता अर्धंच खरं आहे.

गाव सोडलं २०१६ ला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात. बोअर आटलेला, साडेचार एकरांत घर भागत नव्हतं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत मेंटेनन्सला लागलो. चार वर्षं बरी गेली. २०२० च्या होळीला बायको लेकीला घेऊन माहेरी निलंग्याला गेली आणि २५ मार्चपासून देश बंद. सात आठवडे दहा बाय दहाच्या खोलीत एकटा काढले. एप्रिलचा पगार आला नाही, ठेकेदार फोन उचलेना. मे महिन्यात पास मिळाला तशी चौघांनी मिळून जीप केली आणि टेंभुर्णी, बार्शी करत रातोरात आलो.

थेट घरी जाता आलं नाही. चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहावं लागलं. ज्या वर्गात मी चौथी शिकलो त्याच वर्गात सतरंजी टाकली. अण्णा रोज दुपारी डबा आणून भिंतीवर ठेवायचे आणि पलीकडे लिंबाखाली जाऊन उभे राहायचे, माझं जेवण होईपर्यंत. बोलणं काही नाही. मी डबा धुऊन भिंतीवर ठेवला की, "माय विचारायलीय, उद्या काय पाठवू?" एवढंच. मी चाकणला गेल्यापासून आम्ही बापलेक इतका वेळ समोरासमोर कधी नव्हतो.

त्या वर्षीचं सोयाबीन चांगलं आलं होतं. काढून बनीम, म्हणजे मळणीआधीचा ढीग, लावली आणि ऑक्टोबरच्या मध्याला पावसानं झोडपलं. ताडपत्री होती, पण पाणी खालून शिरलं. बनमीत हात घातला तर आतून गरम लागलं, शेंगांना कोंब फुटले होते. अण्णांनी एक मूठ बाहेर काढून पाहिली, परत आत ठेवली आणि घरी निघून गेले.

रान वाफशावर आल्यावर ज्वारी पेरायला घेतली. आमच्याकडे अजून तिफणीवर पेरतात, बैल चुलतभावाचे. तोवर चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ कायम अण्णांची. त्या दिवशी त्यांनी कासरा स्वतः धरला आणि बियाण्याची ओटी माझ्या कमरेला बांधली. ज्यांनी पेरलं नाही त्यांना सांगतो, चाड्याला तीन भोकं असतात, मुठीतलं बी बोटांच्या फटींतून तिन्हींत सारखं पडावं लागतं आणि बैल काही थांबत नाहीत. मूठ आवळली की तास, म्हणजे पेरणीची ओळ, रिकामं जातं, सैल झाली की दाट पडतं. आठवड्याभरानं ज्वारी उगवली तर माझी तासं कुठं विरळ, कुठं झुपक्यांनी दाट, रस्त्यावरून दिसत होती. अण्णा बांधावरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "पुढच्या बारीला बोटं सैल सोड." पुढची बारी आहे, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी गावात खरा परतलो तो त्या दिवशी.

२०२१ च्या एप्रिलमध्ये चुलते गेले. ऑक्सिजनच्या खाटेसाठी लातुरात रात्रभर फिरलो, मिळाली तेव्हा उशीर झाला होता. चौघांत अंत्यविधी उरकला. मी चाकणला असतो तर तेही पाहिलं नसतं.

मग पैशाचं. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या पुढं गेलं. आमचं भिजकं सोयाबीन दिवाळीलाच मिळेल त्या भावात गेलेलं. नवं पीक हातात आलं तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर. २०२४ ला हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार-सव्वाचार हजार. यावर दोन पिढ्यांचं घर चालत नाही, कष्ट कितीही करा.

आणि एक गोष्ट परतलेले पुरुष सहसा लिहीत नाहीत. बायकोला गाव मानवलं नाही. चाकणला ती शिवणकाम करून महिन्याला पाचेक हजार मिळवायची. गावात आल्यावर तिच्या हातात स्वतःचा म्हणून रुपया राहिला नाही, मोबाईलच्या रिचार्जलाही मला मागायची. दोन वर्षं ती काही बोलली नाही आणि मला वाटलं सगळं ठीक आहे. ही माझी चूक.

२०२२ ला लातुरात खोली केली. मी एका डाळ मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. पगार चाकणपेक्षा कमी, पण भाडंही कमी, आणि गाव मोटारसायकलवर पाऊण तासात. बायको शाळेचे गणवेश शिवते. लेक पाचवीत गेली. शनिवारी संध्याकाळी मी गावी जातो. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, तर सगळेच शेतात असतो, मायच्या हातची भज्जी आणि आंबील असतेच.

तुम्ही परतायच्या विचारात असाल तर खोली सोडायच्या आधी घरातल्या बाईला विचारा, तिथं गेल्यावर तिचा दिवस कसा जाणार. जमिनीचा हिशोब नंतर करा.

रब्बीच्या पेरणीला मिलमधून दोन दिवस सुट्टी टाकतो. चाड्यावर मूठ आता माझी असते. अण्णा कासरा धरतात, मागं वळून बघत नाहीत.